महाराष्ट्राहून मोठी काउंटी सिंधुदुर्गाएवढी कशी झाली?

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी ‘द डॅल्स’ नावाचं गाव आहे. तिथे १८५९ साली बांधलेली एक दुमजली लाकडी इमारत अजून उभी आहे. खाली शेरीफची (पोलीसप्रमुखाची) खोली आणि कैद्यांच्या कोठड्या, वर न्यायालय, एवढाच तिचा पसारा. रविवारी त्याच न्यायालयात प्रार्थनाही होत. गावकऱ्यांनी ही इमारत एका जागेवरून उचलून दुसरीकडे ठेवली, असं तिच्या आयुष्यात बरेचदा झालं. आज ते छोटं संग्रहालय आहे.

ही वास्को काउंटीची पहिली कचेरी. कचेरी बांधायच्या पाच वर्षं आधी, ११ जानेवारी १८५४ रोजी, काउंटी स्थापन झाली तेव्हा तिचं क्षेत्रफळ होतं सुमारे १,३०,००० चौरस मैल, म्हणजे ३,३६,००० चौरस किलोमीटरच्या पुढे. अख्खा महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा आहे. कॅस्केड पर्वतापासून थेट रॉकी पर्वताच्या माथ्यापर्यंत एकच काउंटी! अमेरिकेत आजवर एवढी मोठी काउंटी दुसरी झाली नाही. आज ती सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर उरली आहे, सिंधुदुर्ग जिल्ह्याहून जरा मोठी. लोकसंख्या मात्र २०२०च्या जनगणनेत २६,६७०. सिंधुदुर्गात २०११मध्येच साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती.

या काउंटीचं नाव पुणेकरांच्या एका पिढीने वर्तमानपत्रात वाचलेलं असेल, पण ते कोरेगाव पार्कच्या संदर्भात. ती गोष्ट पुढे येईलच. आधी काउंटी म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण ते कळलं नाही तर पुढचं रामायण कशासाठी झालं हेच कळत नाही.

काउंटीचं भाषांतर आपण ‘जिल्हा’ असं करतो. नकाशापुरतं ते ठीक आहे. पण आपल्या जिल्ह्याचा कारभार वरून नेमलेल्या कलेक्टरकडे असतो, आणि काउंटीचे बहुतेक सगळे कारभारी लोकांनी निवडून दिलेले असतात. शेरीफ निवडून येतो. करासाठी जमिनीची किंमत ठरवणारा निवडून येतो. काउंटी क्लार्क, म्हणजे दप्तर सांभाळणारा अधिकारी, तोही निवडून येतो. आणि या क्लार्कच्या दप्तरात काय नसतं? जमिनीची खरेदीखतं, लग्नाच्या नोंदी, मतदारयादी. आपल्याकडचा तलाठी, दुय्यम निबंधक आणि निवडणूक कार्यालय एका छपराखाली आणले की साधारण कल्पना येईल. वास्कोमध्ये या सगळ्यांच्या वर तिघांचं मंडळ असे. त्याला ‘काउंटी कोर्ट’ म्हणत आणि त्याच्या प्रमुखाला ‘जज’, जरी रोजचं काम मुख्यतः रस्ते, बांधकाम परवाने आणि अंदाजपत्रक यांचंच असलं तरी. कुठल्या शेतात घर बांधता येईल, कुठे नवं गाव वसवता येईल, हे पाहणारे हे तीन लोक. तिघांपैकी दोघं आपले असले की काउंटी आपली. हे गणित लक्षात ठेवा.

आता जमीन. कॅस्केड पर्वतरांग ऑरेगनला उभी चिरते. समुद्राकडून आलेले ढग तिच्या पश्चिम उतारावर रिते होतात आणि पूर्वेला पाऊस आटतो. महाबळेश्वरहून वाईकडे उतरलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. वास्को काउंटीचा पश्चिम कोपरा देवदाराच्या रानाचा, मधला भाग चेरीच्या बागांचा आणि कोरडवाहू गव्हाचा, आणि दक्षिण-पूर्वेला नुसतं पिवळं गवत. खालचा दगड आपल्या ओळखीचा, काळा बेसॉल्ट. दख्खनचा दगड जसा लाव्हाच्या पुरातून थर चढत झाला तसाच हाही, फक्त आपल्याहून बराच तरुण. कोलंबिया नदीने हा बेसॉल्ट कापत वाट काढली आणि द डॅल्सच्या वरच्या अंगाला ती अशी चिणली गेली की प्रचंड पात्राचं पाणी अरुंद दगडी पन्हळीतून घुसमटत धावू लागलं. फ्रेंच बोलणाऱ्या फर-व्यापाऱ्यांनी त्या दगडी पन्हळींना ‘डाल’ म्हटलं. त्यावरून द डॅल्स. गावाच्या नावात ते ‘द’ अधिकृतपणे आहे. सरकारी कागदावर मात्र १९६६पर्यंत गावाचं नाव ‘डॅल्स सिटी’ होतं आणि तसं कोणी म्हणत नसे.

नदी जिथे चिणली जाते तिथे मासा पकडणं सोपं. समुद्रातून अंडी घालायला उलट्या प्रवाहात चढणारा साल्मन (हॉटेलच्या मेनूत आपल्या रावसाला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही) सेलिलो धबधब्यापाशी येऊन अडे आणि उड्या मारू लागे. काठावरच्या लोकांनी खडकांवरून पाण्यावर झुकणारे लाकडी माचे बांधले होते. आंबे उतरवायच्या झेल्यासारखं, लांब दांड्याला जाळं लावलेलं साधन फेसाळत्या पाण्यात फिरवायचं आणि मासा वर घ्यायचा. कमरेला दोर बांधायचा, कारण पाय घसरला की संपलं. मचाण कुठल्या घराण्याचं, कोणी कधी जाळं टाकायचं, हे ठरलेलं असे. या परिसरात माणसं सुमारे दहा हजार वर्षं मासे पकडत आली आहेत, असं उत्खननातून दिसलं आहे.

दक्षिण काठावर वास्को लोक, उत्तर काठावर विश्रम लोक. वास्को हे नाव त्यांच्या भाषेतल्या वाटीसाठीच्या शब्दावरून आलं. शिंगाच्या कोरीव वाट्या करण्यात हे लोक वाकबगार. (वास्को द गामाशी आणि गोव्यातल्या वास्कोशी याचा काडीचा संबंध नाही, हे सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो.)

मासा एवढा मिळे की नुसता खाऊन संपणारा नव्हता. तो वाऱ्यावर सुकवत, कुटून त्याचा भुगा करत आणि माशाच्याच कातड्याचं अस्तर लावलेल्या टोपल्यांत ठासून भरत. असा माल कैक महिने टिके. २२ ऑक्टोबर १८०५ रोजी लुईस आणि क्लार्क यांची सरकारी शोधमोहीम इथे पोचली तेव्हा क्लार्कने अशा टोपल्यांच्या १०७ राशी मोजल्या आणि अंदाज केला, दहा हजार पौंड. म्हणजे साडेचार टन कुटलेली सुकी मासळी, एका ठिकाणी, विकायला तयार! किनाऱ्यावरून शिंपले येत, पूर्वेच्या माळावरून गव्याची कातडी, दक्षिणेकडून हत्यारांसाठी ज्वालाकाच, म्हणजे लाव्हा थिजून झालेली काच. गुलामही विकले जात, तेही लपवायला नको. अनेक भाषांचे लोक जमत आणि एका मिश्र बाजारी बोलीत व्यवहार करत. आजच्या काउंटीला ‘ग्रामीण’ म्हणतात, पण दोनशे वर्षांपूर्वी ही जागा या सगळ्या मुलखाची बाजारपेठ होती.

१८३८मध्ये मेथडिस्ट मिशनरी इथे आले. ते ज्या खडकावर उभे राहून प्रवचन देत तो ‘पल्पिट रॉक’ आज गावातल्या रस्त्याच्या कडेला घरांच्या मध्ये तसाच उभा आहे. १८४३पासून पूर्वेकडून बैलगाड्यांचे तांडे येऊ लागले. हाच तो प्रसिद्ध ‘ऑरेगन ट्रेल’. द डॅल्सला गाडीवाट संपे. पुढे गाड्या सुट्या करून तराफ्यावर लादायच्या आणि नदीवर हवाला ठेवायचा. किती जण बुडाले असतील! १८४६मध्ये सॅम बार्लो नावाच्या माणसाने माउंट हूडच्या दक्षिणेकडून रस्ता काढला आणि त्यावर टोल बसवला, गाडीमागे पाच डॉलर. टोलवरची कुरकुर तेव्हापासूनची.

इथून पुढे खरा पेच सुरू होतो, आणि तो तारखांमध्ये आहे. १८५०मध्ये अमेरिकन काँग्रेसने ऑरेगनसाठी कायदा केला: तोवर येऊन वसलेल्या गोऱ्या पुरुषाला ३२० एकर फुकट, जोडपं असेल तर ६४०. त्याच वर्षी द डॅल्सला लष्करी ठाणं पडलं. १८५४मध्ये वास्को काउंटी स्थापन झाली. आणि ज्यांची ही जमीन होती त्यांच्याशी करार कधी झाला? २५ जून १८५५. म्हणजे जमीन वाटायचा कायदा आधी, तिच्यावर काउंटीच्या रेघा त्यानंतर, आणि मालकाची सही सगळ्यात शेवटी. आपल्याकडे एखाद्याने असा सातबारा केला असता तर त्याला आपण काय म्हटलं असतं?

करार सरकारच्या वतीने जोएल पामर यांनी केला. वास्को आणि वॉर्म स्प्रिंग्ज गटांनी सुमारे एक कोटी एकर जमीन सोडली आणि दक्षिणेला, बाजारापासून दूर, एक राखीव मुलूख आपल्याकडे ठेवला. आज तो वॉर्म स्प्रिंग्ज रिझर्व्हेशन, सुमारे ६,४०,००० एकर, काही वास्को काउंटीत आणि काही शेजारच्या जेफरसनमध्ये. पण त्या करारात एक कलम होतं: राखीव मुलखाबाहेरच्या नेहमीच्या, वहिवाटीच्या जागी, इतर नागरिकांच्या बरोबरीने, मासे पकडण्याचा आमचा हक्क कायम राहील. वहिवाट हा शब्द मराठी माणसाला कायद्याच्या पुस्तकाबाहेरही कळतो. हेच कलम पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कोर्टात गाजलं.

दहा वर्षांनी, १८६५मध्ये, दुसरा कागद पुढे आला. त्यात लिहिलं होतं की या लोकांनी बाहेरचे सगळे हक्क सोडले आणि परवान्याशिवाय ते राखीव मुलखाबाहेर पडणार नाहीत. सह्या करणाऱ्यांना सांगितलं होतं एवढंच, की बाहेर जाताना पास घेऊन जा. त्या लोकांनी तो कागद कधी मानला नाही आणि मासे पकडायला येणंही सोडलं नाही.

दरम्यान काउंटी आकसत चालली होती. १४ फेब्रुवारी १८५९ला ऑरेगन राज्य झालं, त्याची पूर्वेची हद्द ठरली आणि हद्दीपलीकडचा प्रचंड मुलूख एका फटक्यात गेला. त्यात आजच्या आयडाहोचा, वायोमिंगचा आणि माँटानाचाही भाग होता. उरलेल्याचे तुकडे पडत गेले: १८६२मध्ये बेकर आणि उमाटिला, १८६४मध्ये ग्रँट, पुढे क्रूक, गिलियम, शर्मन, व्हीलर, आणि १९०८मध्ये हूड रिव्हर. कारण साधं होतं. खरेदीखत नोंदवायला किंवा खटल्याला साक्ष द्यायला घोड्यावरून आठवडाभर जावं लागणार असेल तर ते सरकार काय कामाचं? जिथे सोनं सापडलं, जिथे रेल्वे पोचली, तिथल्या लोकांनी मागणी केली, आम्हाला आमची कचेरी द्या. वास्कोला म्हणूनच ‘काउंट्यांची आई’ म्हणतात. आपल्याकडे १९८१मध्ये रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यातही कुडाळ-सावंतवाडीहून रत्नागिरीचं अंतर हा मुद्दा होताच.

सोन्याच्या त्या दिवसांची एक गमतीशीर खूण द डॅल्समध्ये आहे. १८६२मध्ये दक्षिण-पूर्वेच्या कॅन्यन सिटीला सोनं निघालं, सगळा माल द डॅल्सवरून जाऊ लागला, तेव्हा १८६४मध्ये सरकारने इथे टांकसाळ मंजूर केली. दगडी भिंती उभ्या राहिल्या, तोवर सोन्याचा ओघ आटला. एकही नाणं न पाडलेली टांकसाळ! शानिकोचं तेच झालं. १९००मध्ये तिथे रेल्वेचं शेवटचं स्टेशन आलं आणि आजूबाजूच्या माळावरच्या मेंढ्यांची लोकर तिथून बाहेर जाऊ लागली. शानिको स्वतःला जगाची लोकर-राजधानी म्हणवू लागलं. १९११मध्ये डेशूट्स नदीच्या खोऱ्यातून दुसरी रेल्वे गेली आणि गाव बाजूला पडलं. २०२०मध्ये तिथे ३० माणसं होती. सुन्या पडलेल्या लाकडी दुकानांचे फोटो काढायला लोक येतात, तेवढीच वर्दळ.

आता नदीकडे परत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काठावर डबाबंद मासळीचे कारखाने निघाले आणि त्यांनी ‘फिश व्हील’ आणलं. आपलं रहाटगाडगं डोळ्यांपुढे आणा, फक्त गाडग्यांऐवजी जाळीचे मोठे खोके. प्रवाहाने चाक आपोआप फिरे आणि वर चढणारा मासा उपसून कुंडात टाके. माणसाची गरजच नाही, रात्रंदिवस उपसा. कारखानदारांनी काठाच्या जमिनी विकत घेतल्या, कुंपणं घातली आणि वहिवाटीने येणाऱ्यांना अडवलं: सातबारा आमचा, तुम्ही कोण?

हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९०५चा विनान्स खटला नदीच्या उत्तर काठावरचा आणि याकामा लोकांच्या करारावरचा होता, पण कलमाची भाषा तीच. न्यायालयाने जे सांगितलं ते मला या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात स्वच्छ वाक्य वाटतं. त्याचा आशय असा: या करारांनी सरकारने मूळ रहिवाशांना काही दिलेलं नाही; त्यांनी सरकारला दिलं, आणि जे दिलं नाही ते त्यांच्याकडेच राहिलं. म्हणजे मासे पकडायचा हक्क ही मेहेरबानी नव्हती, ती विक्रीतून वगळलेली वस्तू होती. घर विकताना अंगणातल्या विहिरीचं पाणी भरायचा हक्क आपण राखून ठेवला, तर नव्या मालकाला विहिरीला कुलूप लावता येणार नाही, तसं. १९१९मध्ये वास्कोच्या, म्हणजे दक्षिणेच्या, काठावरच्या कारखानदारांविरुद्धही निकाल त्याच दिशेने गेला. ऑरेगनमध्ये फिश व्हीलवर १९२६च्या मतदानाने बंदी आली.

कोर्टात हक्क जिंकला, आणि मग धबधबाच गेला. नदीवर एकामागून एक धरणं येत होती. वीज हवी, बोटींना खोल पाणी हवं, उद्योग हवेत. द डॅल्स धरणाचं काम १९५२मध्ये सुरू झालं. करार केलेल्या मूळ रहिवाशांच्या चार जमातींना मिळून अडीच कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरली. सेलिलोचे वयोवृद्ध प्रमुख टॉमी थॉम्प्सन शेवटपर्यंत धरणाच्या विरोधात राहिले. १० मार्च १९५७ रोजी दरवाजे बंद झाले. काठावरच्या टेकाडांवर माणसं दाटली होती. काही तासांत पाणी चढलं, माचे बुडाले, खडक बुडाले, आणि पिढ्यान्‌पिढ्या मैलोगणती ऐकू येणारा आवाज थांबला. त्या जागेचं मूळ नाव ‘वायम’, खडकावर आदळणाऱ्या पाण्याचा नाद अशा अर्थाचं. कोयनेच्या किंवा उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेल्या माणसाला यातलं काय बोचतं ते सांगावं लागणार नाही. भरपाई मिळते ती जमिनीची. नादाची भरपाई कुठल्या रकान्यात लिहायची?

धरणाची स्वस्त वीज पाहून १९५८मध्ये ॲल्युमिनियमचा कारखाना आला, तोही पुढे बंद पडला. मग २००६मध्ये त्याच विजेसाठी गूगलचं डेटा सेंटर आलं. आपण मोबाइलवर काही शोधतो तेव्हा त्यातलं थोडंफार काम कुठेतरी या नदीच्या काठी होत असेल. या केंद्राला यंत्रं थंड ठेवायला पाणी लागतं. किती लागतं ते सांगायला गावाची नगरपालिका तयार नव्हती, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२२च्या शेवटी आकडे बाहेर आले: गावाच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. ज्या गावाचं नावच पाण्याच्या पन्हळीवरून पडलं तिथे पाण्याचा आकडा गुपित असावा, याची मला मौज वाटते.

आणि आता कोरेगाव पार्क.

आचार्य रजनीश १९७४पासून पुण्यात, कोरेगाव पार्कच्या आश्रमात होते. १९८१च्या उन्हाळ्यात त्यांनी पुणं सोडलं. जुलै महिन्यात त्यांच्या सचिव मा आनंद शीला (मूळच्या बडोद्याच्या) यांच्या पुढाकाराने वास्को काउंटीच्या दक्षिणेला ‘बिग मडी रँच’ नावाचं ६४,००० एकरांचं, चरून उजाड झालेलं रान ५७ लाख ५० हजार डॉलरला घेतलं गेलं. ऑगस्टअखेर रजनीश तिथे पोचले. रोल्स-रॉइस गाड्यांच्या गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. मला रस आहे तो शेतजमिनीच्या कागदात, कारण सगळं भांडण तिथून पेटलं.

ऑरेगनमध्ये १९७३पासून कडक कायदा आहे: शेतजमिनीवर शेतीसाठी लागेल तेवढंच बांधायचं. आपल्या भाषेत, एनए करून घेणं महाकठीण. संन्याशांना, म्हणजे रजनीशांच्या अनुयायांना, हजारो माणसांचं शहर हवं होतं. कायदेशीर वाट एकच, रानात रीतसर नगरपालिका स्थापन करायची. मग बांधकाम परवाने आपलेच, पोलीसही आपलेच. त्यासाठी मतदान घ्यायची परवानगी लागे काउंटी कोर्टाची. नोव्हेंबर १९८१मध्ये तिघांपैकी दोघांच्या मतांनी ती मिळाली आणि पुढच्या वर्षी ‘रजनीशपुरम’ नकाशावर आलं. लगेच जमीन-वापराच्या कायद्यासाठी झगडणाऱ्या संस्थेने दावा ठोकला. धार्मिक संस्था आणि सरकार अमेरिकेत वेगळी ठेवावी लागतात, तेव्हा एका पंथाच्या मालकीच्या जागेवर नगरपालिका कशी, असा दुसरा प्रश्न राज्याच्या महाधिवक्त्यांनी काढला.

रजनीशपुरम कोर्टात अडकलं तर हाताशी दुसरी नगरपालिका असावी म्हणून नजर गेली जवळच्या अँटिलोपवर. वस्ती जेमतेम चाळीस-पन्नास, बरेचसे निवृत्त म्हातारे. घाबरून गावकऱ्यांनी एप्रिल १९८२मध्ये मतदान घेतलं, आपली नगरपालिकाच बरखास्त करू! पण तोवर संन्याशी गावात घरं घेऊन मतदार झाले होते. ठराव ५५ विरुद्ध ४२ने पडला. त्याच वर्षी गावाची सत्ता संन्याशांकडे गेली आणि १९८४मध्ये गावाचं नावही ‘रजनीश’ झालं. हे सगळं कायद्याने झालं, एकही मत बोगस लागलं नाही. लहान गावाची लोकशाही किती नाजूक असते ते यातून दिसतं. पन्नास माणसांचं गाव जिंकायला साठ माणसं पुरतात.

पण वीस-बावीस हजारांची काउंटी जिंकायला? नोव्हेंबर १९८४मध्ये काउंटी कोर्टाच्या तीनपैकी दोन जागा भरायच्या होत्या. वर सांगितलेलं गणित आठवा. ऑरेगनमध्ये तेव्हा वीस दिवस राहिलेला माणूस मतदार होऊ शकत असे. शीलांच्या गटाने अमेरिकेतल्या शहरांतून हजारो बेघर माणसं बसगाड्यांनी रानात आणली. जेवण, निवारा आणि, उघडपणे न सांगितलेलं, मतदान. दुसरी बाजू याहून भयंकर. आपली मतं वाढत नसतील तर समोरच्याची कमी करायची. सप्टेंबर आणि ऑक्टोबर १९८४मध्ये द डॅल्समधल्या दहा हॉटेलांच्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जंतू मिसळले गेले. ही रंगीत तालीम होती. मतदानाच्या दिवशी गावकरी अंथरुणात असतील का, ते पाहायचं होतं. ७५१ माणसं आजारी पडली, ४५ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कोणी दगावलं नाही, हे नशीब. अमेरिकेतला हा सगळ्यात मोठा जैविक हल्ला मानला जातो. त्याआधी, ऑगस्टच्या शेवटी, रान पाहायला आलेल्या काउंटी कोर्टाच्या दोन सदस्यांना प्यायच्या पाण्यातून तेच जंतू दिले होते. एक जण मरता मरता वाचला.

गावाला लगेच संशय आला. सरकारी तपासणीने मात्र ठरवलं की स्वयंपाकघरातल्या कामगारांनी हात नीट धुतले नसावेत.

मग निवडणूक कोणी वाचवली? काउंटी क्लार्कने. दप्तर सांभाळणाऱ्या त्या अधिकाऱ्याने. ऑक्टोबरमध्ये तिने जाहीर केलं की मतदारयादीत नव्याने नाव घालू पाहणाऱ्या काउंटीतल्या प्रत्येकाची समोरासमोर चौकशी होईल. इथे राहायचा इरादा खरा आहे का, ते पटवून द्या. कायद्याच्या काटेकोर नजरेने हे सगळ्यांवर बंधन होतं आणि ते किती योग्य यावर आजही वाद घालता येईल. पण परिणाम झाला. बेघर माणसांना हळूहळू बाहेर काढण्यात आलं आणि बेत फसला.

सप्टेंबर १९८५मध्ये शीला युरोपला निघून गेल्या. रजनीशांनीच पत्रकार परिषद घेऊन त्यांच्यावर आरोप केले, तपास यंत्रणा रानात शिरल्या, प्रयोगशाळेत तेच जंतू सापडले. शीला यांनी १९८६मध्ये गुन्हे कबूल केले आणि सुमारे अडीच वर्षं तुरुंगात काढली. रजनीशांना ऑक्टोबर १९८५मध्ये अटक झाली. त्यांनी इमिग्रेशनच्या गुन्ह्यांत तडजोड केली, चार लाख डॉलर दंड भरून देश सोडला, १९८७मध्ये पुण्यात परतले आणि जानेवारी १९९०मध्ये तिथेच वारले. रान आज ख्रिस्ती तरुणांच्या शिबिरांसाठी वापरलं जातं. अँटिलोपला त्याचं नाव १९८५मध्येच परत मिळालं. पोस्टासमोरच्या झेंड्याच्या खांबापाशी एक पाटी आहे, त्या चार वर्षांत गाव न सोडणाऱ्यांसाठी. तिच्यावर त्या काळाला ‘आक्रमण’ म्हटलं आहे. गावकऱ्यांचा राग मला समजतो. पण १८५४ आणि १८५५ या तारखा मनात असल्या की तो शब्द वाचताना जरा अडखळायला होतं.

काउंटीने आपला वारसा म्हणून काय जपलंय, याची यादी मोठी नाही. पहिली लाकडी कचेरी. जुन्या लष्करी ठाण्यातलं १८५६चं सर्जनचं घर, ज्याचं १९०५मध्ये संग्रहालय झालं. डफर गावातलं १९०७चं विटांचं बाल्च हॉटेल. एप्रिलमधली चेरीची जत्रा.

आणि सेलिलो. धबधब्याचे खडक धरणाच्या बांधकामात फोडले गेले असावेत, असं लोक वर्षानुवर्षं बोलत. २००८च्या सुमारास लष्कराच्या अभियंत्यांनी ध्वनिलहरींनी नदीचा तळ तपासला, तेव्हा दिसलं की सगळे खडक, घळी, कडे जिथल्या तिथे आहेत, फक्त पाण्याखाली. काठावर सेलिलोची छोटी वस्ती अजून आहे. मागे महामार्ग, रेल्वे आणि पुढे संथ जलाशय. वसंतात पहिला साल्मन आला की तिथल्या लाकडी सभागृहात सगळे जमतात. चटयांवर मासा, कंदमुळं, रानातली फळं मांडली जातात. कोणी लगेच हात घालत नाही. आधी प्रत्येकाच्या पेल्यात थोडं पाणी ओततात, त्याचं नाव मोठ्याने घेतात आणि एकेक घोट पितात. जेवण झाल्यावर पुन्हा तसाच एक घोट.